ढिला शाफ्ट, पाना उचलण्याआधी

बोट धक्क्याला लावताना तांडेल गिअर मागे टाकतो आणि मागच्या बाजूला फळ्यांखालून ‘टक्क’ असा आवाज येतो. गिअर पुढे टाकला की पुन्हा एकदा ‘टक्क’. भर समुद्रात एकाच दिशेने तासन्‌तास इंजिन चालू असतं, तेव्हा हा आवाज अजिबात नसतो. म्हणून तो मनावरही घेतला जात नाही. फार तर कोणीतरी खाली उतरून कपलिंगचे बोल्ट आवळतो, दोन दिवस बरं वाटतं, आणि तिसऱ्या दिवशी आवाज परत येतो. मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत इंजिनाच्या प्रत्येक बोटीवर ही तक्रार कधी ना कधी येते. ती आवळून मिटत नाही, याचं कारण असं की शाफ्ट ज्या पकडीवर उभा असतो ती पकड बोल्टची नसतेच.

आधी हा शाफ्ट काय काय सोसतो ते बघू. इंजिनाला गिअरबॉक्स जोडलेला असतो. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या चकतीला, म्हणजे फ्लँजला, दुसरी तशीच चकती बोल्टांनी जोडलेली असते. ही दुसरी चकती शाफ्टच्या टोकावर बसवलेली असते. दोन्ही मिळून झालं कपलिंग. तिथून शाफ्ट तिरका मागे जातो, ग्लँडमधून, म्हणजे पाणी अडवायला दोरी भरलेल्या सांध्यातून, पार होतो, स्टर्न ट्यूबमध्ये शिरतो, बोटीच्या पोटाबाहेर येतो, बुशमध्ये, म्हणजे मागच्या बेअरिंगमध्ये, टेकतो आणि शेवटी पंख्याला भेटतो. पंखा म्हणजे प्रोपेलर. आपल्या किनाऱ्यावर त्याला पंखाच म्हणतात.

आता आकडे धरू. इंजिन 100 हॉर्सपॉवरचं, फेरे मिनिटाला 2000, गिअरबॉक्स तीनास एक. म्हणजे शाफ्ट मिनिटाला साधारण 667 फेरे फिरतो आणि त्याच्यावर येणारा पीळ होतो सुमारे 1,070 न्यूटन-मीटर. एक मीटर लांबीचा दांडा आडवा धरून त्याच्या टोकाला 109 किलो टांगले तर जेवढा पीळ पडेल, तेवढा. शाफ्ट 45 मिलिमीटर जाडीचा असेल, तर त्याच्या पृष्ठभागावर, म्हणजे केंद्रापासून अवघ्या साडेबावीस मिलिमीटरवर, हेच बळ पाच टनांच्या जवळ पोचतं. कपलिंगच्या भोकाने शाफ्टला एवढ्या जोराने धरून ठेवायचं असतं, तेही डिझेल इंजिनाच्या प्रत्येक ठोक्यासरशी कमीजास्त होणाऱ्या पिळाखाली.

पिळाबरोबर रेटाही असतो. पंखा पाणी मागे ढकलतो आणि त्या बदल्यात शाफ्टला पुढे ढकलतो. बोटीला पुढे नेणारा सगळा जोर शाफ्टमधूनच गिअरबॉक्समधल्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो, तिथून इंजिनाच्या पायांवर आणि मग बोटीवर. शंभर हॉर्सपॉवरच्या बोटीला जाळं ओढताना हा रेटा एक टनाच्या आसपास असू शकतो. पुढे जाताना तो शाफ्टला कपलिंगमध्ये घट्ट बसवतो, म्हणून ढिला शाफ्टही गप्प राहतो. गिअर मागे टाकला की दिशा उलटते. आता पंखा शाफ्टला कपलिंगमधून बाहेर खेचायला लागतो. पकडीत किती दम आहे, ते तेव्हा कळतं.

कपलिंगच्या भोकात आणि शाफ्टमध्ये एक चौकोनी पट्टी असते, तिला फिटर चावी म्हणतात. शाफ्टवर तिच्यासाठी खाच, कपलिंगमध्येही खाच. बघणाऱ्याला वाटतं की चावीच शाफ्टला फिरवते. खरं तर चांगल्या जोडणीत बहुतेक भार पृष्ठभागांच्या घर्षणाने पेलायचा असतो आणि चावी आधाराला असते. भोक शाफ्टपेक्षा केसभर मोठं झालं की ही पकड जाते आणि सगळा पीळ एकट्या चावीवर येतो. मग चावी खाचेत हलू लागते. प्रत्येक वेळी गिअर बदलताना ती एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते. खाचेच्या कडा दबतात, तोंड रुंदावतं, चावी आणखी हलते. ‘टक्क’ हा आवाज तिचा असतो. बोल्ट आवळणाऱ्याचा हात इथे पोचतच नाही, कारण बोल्ट दोन चकत्या एकमेकींना धरतात. शाफ्टला ते धरत नाहीत.

तेव्हा पाना उचलण्याआधी टॉर्च घ्या आणि नीट बघा. इंजिन बंद, स्टार्टरची चावी काढून खिशात, बॅटरीची वायर सुटी. शाफ्टला हात लावायचा असेल तर एवढं आधी व्हायलाच हवं. मग कपलिंग जिथे शाफ्टला भिडतं तिथली कड कोरड्या फडक्याने पुसा. त्या फटीतून बारीक, विटकरी-लाल, बोटांना अगदी मऊ लागणारी भुकटी निघाली तर निदान जवळजवळ झालंच. हा नुसता गंज नसतो. साध्या गंजाचे पापुद्रे निघतात आणि तो सगळीकडे असतो. ही भुकटी फक्त सांध्यातून येते. दोन धातूंचे पृष्ठभाग एकमेकांवर अगदी सूक्ष्म घासत राहिले की त्यांचे कण सुटतात आणि हवेतल्या ऑक्सिजनने लगेच गंजतात. ही भुकटी म्हणजे सांधा आतून हलतोय याचा पुरावा. तेल लागलं असेल तर ती काळपट चिखलासारखी दिसते.

दुसरी परीक्षा खडूची. कपलिंगच्या बाहीपासून, म्हणजे शाफ्टवर चढलेल्या नळीसारख्या भागापासून, शाफ्टवर सरळ मागे जाणारी एक रेघ ओढा. धक्क्याला दोर घट्ट बांधून इंजिन कमी फेऱ्यांवर ठेवा, गिअर दोनतीनदा पुढे-मागे करा, मग इंजिन बंद करून रेघ बघा. रेघ तुटून बाजूला सरकली तर शाफ्ट फिरतोय. रेघेचे दोन तुकडे लांब गेले तर शाफ्ट बाहेर येतोय. रेघ जागच्या जागी असेल आणि आवाज तरीही येत असेल, तर दुसरीकडे शोधा: पंख्याच्या बाजूला, बुशकडे, इंजिनाच्या पायांकडे.

कपलिंग ढिलं ठरलं तर ते शाफ्टवरून उतरवावं लागतं, आणि बहुतेक शाफ्टचं नुकसान याच वेळी होतं. ग्लँडमधून ठिबकणाऱ्या खाऱ्या पाण्याने कपलिंग शाफ्टवर गंजून बसलेलं असतं. हातोडा मारायचा मोह होतो. कपलिंग गिअरबॉक्सला जोडलेलं असताना मारलेला प्रत्येक घाव गिअरबॉक्समधल्या बेअरिंगवर जातो, आणि शाफ्टच्या टोकावर मारलेला घाव टोक फुलवतो, मग कपलिंग कधीच निघत नाही. योग्य रीत साधी आहे. दोन्ही चकत्या सोडवायच्या, शाफ्ट थोडा मागे सरकवायचा, शाफ्टच्या टोकासमोर त्याहून थोडा बारीक पोलादी ठोकळा ठेवायचा, आणि लांब बोल्ट लावून चकत्या पुन्हा जवळ आणायच्या. बोल्ट आळीपाळीने, पाव-पाव फेरा. ठोकळा शाफ्टला कपलिंगमधून मागे रेटतो. सरकत नसेल तर कपलिंगच्या बाहीला उष्णता द्यावी, पण आसपास डिझेलची वाफ, तेलकट पाणी किंवा जाळं नाही याची खात्री करून, आणि पाणी भरलेली बादली हाताशी ठेवून. फायबरच्या बोटीत तर ज्योतीपासून लांबच राहावं.

निघालेल्या शाफ्टचं टोक केरोसीनने धुऊन उजेडात धरा. जिथे पकड चांगली होती तिथे धातू एकसारखा राखाडी दिसतो. जिथे हालचाल होती तिथे तांबूस डाग आणि बारीक खळगे. चावीच्या खाचेची दोन्ही टोकं मात्र भिंगाने तपासावीत. खाचेचा कोपरा धारदार कापला असेल, तर पिळाचा सगळा ताण तिथे एकवटतो आणि तिथूनच केसासारखी भेग तिरकी वर चढते. लेथवाल्याकडे लाल रंग आणि पांढरी फवारणी मिळते: लाल रंग लावायचा, पुसायचा, वर पांढरं मारायचं, भेग असेल तर तिच्यात मुरलेला रंग पांढऱ्यावर उमटतो. भेग निघाली तर तो शाफ्ट संपला. वेल्डिंगने भेग बुजवून तो परत बोटीत घालू नये, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने शेजारचा धातू कमजोर होतो आणि पुढची भेग तिथून जाते.

भेग नसेल, तर प्रश्न उरतो तो सैल भोकाचा. इथे दोन उपाय सर्रास होतात आणि दोन्ही मला अमान्य आहेत. पहिला, पत्र्याची पातळ पट्टी शाफ्टभोवती गुंडाळून कपलिंग ठोकून बसवणं. पट्टी आठवड्याभरात चुरते, आणि तोवर शाफ्ट भोकात एका बाजूला बसलेला असल्याने गिअरबॉक्सचं सील फाटतं. दुसरा, कपलिंगच शाफ्टला वेल्ड करणं. स्टेनलेसच्या शाफ्टला बिडाचं किंवा साध्या पोलादाचं कपलिंग वेल्ड केलं की तो सांधा ठिसूळ होतो. शिवाय पुढच्या वेळी शाफ्ट बाहेर काढायचा तर कापण्यावाचून इलाज नाही. खरा उपाय म्हणजे नवं कपलिंग, भोक शाफ्टच्या मापाने कापून घेतलेलं. शाफ्ट हाताने सळसळत आत गेला तर भोक मोठं झालं. तो हलक्या दाबाने, अडत अडत जायला हवा. आणि एकदा बसला की शाफ्टसकट ते लेथवर चढवून चकतीचं तोंड एक पातळ काप घेऊन शाफ्टशी काटकोनात आणावं. हा काप बहुतेक जण वगळतात. तो न घेतल्यास पुढे इंजिन आणि शाफ्टची लाइन कितीही जुळवली तरी जुळत नाही.

चावी बाजूंनी घट्ट बसावी, वरून मात्र किंचित मोकळी असावी. वरून घट्ट असेल तर ती कपलिंगला एका बाजूला उचलून धरते. दबलेल्या खाचेत जाड चावी कोंबण्यापेक्षा खाच साफ कापून त्या मापाची चावी करावी. बाहीवरच्या सेटस्क्रूसाठी शाफ्टवर ड्रिलने उथळ खळगा करावा म्हणजे स्क्रूचं टोक त्यात रुतेल, आणि स्क्रूंची डोकी तारेने एकमेकांना बांधून टाकावीत. कंपनाने सेटस्क्रू सुटणं ही समुद्रावरची सगळ्यात नेहमीची गोष्ट आहे, आणि तारेचा हा एक तुकडा ते थांबवतो.

आता मागचं टोक. पंखा शाफ्टवर निमुळत्या भागावर बसतो. हा निमुळतेपणा काही ठिकाणी दहास एक, काही ठिकाणी बारास एक, अमेरिकी मापात सोळास एक. तुमच्या शाफ्टचा आणि पंख्याचा एकच हवा. बाजारातून जुना पंखा उचलताना हे विचारायलाच हवं. इथेही तत्त्व तेच: भार निमुळत्या पृष्ठभागाने पेलायचा, चावीने नव्हे. तपासायची पद्धत जुनी आणि अचूक आहे. शाफ्टच्या निमुळत्या भागाला निळ्या रंगाचा अगदी पातळ हात द्यायचा, चावीशिवाय पंखा बसवून थोडा फिरवायचा आणि काढायचा. आत सगळीकडे निळं लागलं तर ठीक. फक्त एका कडेला लागलं तर पंखा तेवढ्याच कडेवर टेकतोय. बारीक घासणीची पेस्ट लावून दोन्ही एकमेकांवर घासून जुळवावे लागतील. मग चावीशिवाय पंखा जिथवर चढतो तिथे शाफ्टवर खूण करायची. चावी घालून तो त्याच खुणेपर्यंत गेला पाहिजे. अलीकडे थांबला तर पंखा चावीवर चढून बसलाय, पकड शून्य.

त्यानंतर नट. एक जाड, एक पातळ. जवळजवळ सगळे जण जाड नट आधी लावतात आणि पातळ नट चेकनट म्हणून वर. उलटं हवं. पातळ नट आधी पंख्याला आवळायचा, मग जाड नट त्याच्यावर. बाहेरचा नट आवळताना तो आतल्या नटाला पंख्याकडे रेटतो, आतल्या नटाचे आटे भारातून सुटतात आणि सगळा ताण बाहेरच्या नटाच्या आट्यांवर येतो. मग ज्याला जास्त आटे आहेत तो नट बाहेर असायला नको का? शेवटी स्प्लिट पिन, नवी. जुनी पिन सरळ करून पुन्हा वाकवली की वाकलेल्या जागी ती मोडणार.

बुशकडे येण्याआधी थोडा इतिहास सांगतो, कारण आजचं रबर बुश कुठून आलं ते त्यातून कळतं. पंख्याची जहाजं नवीन होती तेव्हा शाफ्ट पितळी बेअरिंगवर फिरत असे, आणि पाण्यात ते बेअरिंग भराभर झिजत. जहाजाच्या मागच्या बाजूने पाणी आत यायचं. लंडनजवळच्या ग्रिनिच इथे इंजिनं बांधणाऱ्या जॉन पेन यांनी 1854 मध्ये लिग्नम व्हिटी या अत्यंत कठीण, तेलकट लाकडाच्या पट्ट्या बेअरिंगमध्ये बसवण्याचं पेटंट घेतलं. पट्ट्यांमधल्या खाचांतून समुद्राचं पाणी वाहायचं आणि तेच वंगण व्हायचं. आज लाकडाची जागा रबराने घेतली, पण लांबट खाचा आणि पाण्याचं वंगण तेच आहे. म्हणून रबर बुशला ग्रीस लावू नये, रबर फुगतं. आणि बोट किनाऱ्यावर चढवलेली असताना शाफ्ट इंजिनाने फिरवू नये. कोरडं रबर काही मिनिटांत जळतं.

पंखा दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. 45 मिलिमीटरच्या शाफ्टला दीड मिलिमीटरच्या पुढे प्ले लागला तर बुश बदला. पण बुश एकाच बाजूने झिजलं असेल तर नुसतं बदलून भागत नाही. वर आणि खाली विरुद्ध टोकांना झीज असेल, तर शाफ्ट तिरका बसलाय. सगळीकडे सारखी झीज असेल तर ते वयोमान. ग्लँडच्या दोरीचंही असंच आहे: ग्लँड वारंवार गळतो म्हणून नट आवळत राहणारा माणूस खरं तर डगमगत्या शाफ्टला दोरीने धरू बघतो. दोरी तापते, कडक होते, शाफ्टवर चर पाडते. दोरीची वेटोळी एकसलग गुंडाळू नयेत. एकेक कडं वेगळं कापावं, तिरप्या कापाने, आणि सांधे एकाखाली एक येऊ देऊ नयेत. चालताना मिनिटाला काही थेंब पडू द्यावेत. ते थेंब दोरी थंड ठेवतात. स्टेनलेसच्या शाफ्टलाही ते लागतात: या पोलादाला न गंजवणारा थर ऑक्सिजनवर टिकतो, आणि दोरीखाली साचलेल्या, न हलणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन संपला की तिथेच खोल खड्डे पडतात. बंद पडून राहिलेल्या बोटीचा शाफ्ट चालत्या बोटीच्या शाफ्टपेक्षा ग्लँडखाली जास्त खराब निघतो, तो यामुळे.

सगळं बसलं की लाइन जुळवणं. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै ही मासेमारी बंदी असते, बोटी वर ओढलेल्या असतात, आणि शाफ्ट-पंख्याची कामं याच दिवसांत उरकतात. ते ठीकच आहे. पण लाइन किनाऱ्यावर जुळवून ‘झालं’ म्हणणं चुकीचं. जमिनीवर बोट ठोकळ्यांवर टेकलेली असते, पाण्यात ती सगळ्या पोटावर तरंगते. तिचा आकार बदलतो. लाकडी बोट तर दोन महिने वाळून मग पाणी पिऊन फुगते. म्हणून अंदाजाने जुळवून बोट पाण्यात सोडावी, दोन दिवस राहू द्यावी, डिझेल आणि बर्फ नेहमीइतकं भरावं आणि मग खरं मोजमाप घ्यावं.

मोजायचं ते असं. कपलिंगचे बोल्ट काढून दोन्ही चकत्या फक्त भिडतील इतक्या जवळ आणा. शाफ्टचं मोकळं टोक स्वतःच्या वजनाने वाकतं हे विसरू नका. 45 मिलिमीटरचा पोलादी शाफ्ट मीटरला साडेबारा किलो भरतो. बिनआधाराच्या भागाचं अर्धं वजन आणि कपलिंगचं सगळं वजन ताणकाट्याने वर उचलून धरलं की शाफ्ट त्याच्या खऱ्या जागी येतो. मग फिलर गेजने वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फट मोजा. रूढ हिशेब असा की चकतीच्या दर इंच व्यासाला एक हजारांश इंच फरक चालतो. पाच इंची चकतीला पाच हजारांश, म्हणजे जेमतेम 0.13 मिलिमीटर. साध्या लिहिण्याच्या कागदाची जाडी जवळपास एवढीच असते. आता गिअरबॉक्सची चकती तशीच ठेवून शाफ्ट पाव फेरा फिरवा आणि परत मोजा. जास्त फट त्याच जागी राहिली तर इंजिन सरकवा, पायांखाली शिम घाला. फट शाफ्टबरोबर फिरली तर इंजिनाला हात लावू नका. शाफ्ट वाकलाय किंवा चकतीचं तोंड तिरकं आहे. एवढा एक पाव फेरा न फिरवल्यामुळे कितीतरी इंजिनांचे पाय उगाच वर-खाली होत राहतात.

कपलिंगचे बोल्ट मापाचे, आरपार घट्ट बसणारे घ्यावेत आणि नवे लॉकनट वापरावेत. वीसेक तास चालल्यावर एकदा पुन्हा आवळावेत.

आणखी एक वस्तू, जी फार थोड्या बोटींवर दिसते. ग्लँडच्या पुढे, बोटीच्या आतल्या बाजूला शाफ्टवर दोन भागांचं कडं आवळून बसवायचं. फिरताना ते कशाला लागत नाही. पण कपलिंग सुटलं आणि शाफ्ट मागे निघाला, तर हे कडं ग्लँडला अडतं आणि शाफ्ट बोटीतच राहतो. कडं नसेल तर बऱ्याचदा पंखा सुकाणूला अडून शाफ्ट थांबतो, सुकाणू मात्र जाम होतं. पंखाही अडला नाही आणि शाफ्ट पूर्ण गेला, तर मागे 45 मिलिमीटरचं भोक उरतं. पाण्याखाली 60 सेंटिमीटरवरच्या अशा भोकातून मिनिटाला दोनशे लिटरच्या आसपास पाणी आत येतं. डिझेलचं एक आख्खं पिंप, दर मिनिटाला. अशा वेळी शोधाशोध करायला सवड नसते, म्हणून निमुळता लाकडी बोळा आणि जाड फडकं ग्लँडशेजारीच दोरीने बांधून ठेवावं. एकाने इंजिन बंद करून बोळा आतून ठोकायचा आणि फडक्याने कड बुजवायची. त्याच वेळी दुसऱ्याने व्हीएचएफच्या 16 नंबर चॅनलवर जागा सांगायची, किंवा मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा 1554 लावायचा.